बोट न हलवता

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

उद्या आम्हा चौघांचा कार्यक्रम. रचना अलीकडची, पण शेवटचा भाग तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या, बरोक वळणाचा: एकाने धून सुरू करायची, बाकीच्यांनी पाठोपाठ तीच उचलायची. सुरुवात माझ्या एकट्याच्या व्हायोलाची.

एरवी तारेवरचं बोट आम्ही मुद्दाम हलवतो, सूर गोड लागतो. पण आमची म्होरकी बजावते, "इथे जुन्यासारखा सरळ सूर हवा. बोट हलता कामा नये!"

आज तालमीत तिने मला तीनदा थांबवलं. "हाताची सवय, दुसरं काय!" म्हणत मी वेळ मारून नेली.

जेवण वेळेवर होतं. काळजी करू नकोस.

सहज विचारतो, बाबांचा हात पहिल्यांदा कापायला लागला, तेव्हा त्यांचं वय काय होतं?

तुझा,
धाकटा