उतरवलेल्या तारा

बाबा, रविवारी तुमचं नाव एका दारावर लागणार आहे. पाटी रंगवून झाली आहे आणि सध्या ती माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकून उभी आहे. ओल्या रंगाला धूळ लागू नये, असं पेंटरचं म्हणणं. तुमच्या नावाखाली त्याने ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'स्थानिक कलावंतांचा आधारवड'. ते वाचून मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. हा शब्द संस्थेच्या ताईंनी निवडला. त्या ठाण्याच्या, त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पाटी लागेल तेव्हा तुमच्याबद्दल चार शब्द मी बोलावेत अशी त्यांची इच्छा आहे. ते चार शब्द काही सुचेनात, म्हणून आधी तुम्हालाच लिहायला बसले.

संस्था म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं, कारण असलं काही तुमच्या डोक्यातच बसणार नाही. कळंबला रस्त्याकडेची बंद पडलेली भातगिरणी या लोकांनी भाड्याने घेतली आणि तिथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मदत करायला बसले. बेंजो पार्टीवाले, भजनी मंडळं, शनिवारी रिसॉर्टवर गिटार घेऊन गाणारी मुलं, कुणीही यावं. मागच्या खोलीत फुकट रेकॉर्डिंग होतं. कार्यक्रमाची सुपारी घेताना कागदावर काय लिहून घ्यायचं, भोंग्याच्या परवानगीचा अर्ज कसा करायचा, रिसॉर्टवाल्याने नुसतं जेवू घालून बोळवण केली तर काय करायचं, हे सांगायला एक वकील येतो. आणि एक वाद्यपेढी आहे. ज्याच्याकडे वाद्य नाही त्याने इथून न्यायचं, लग्नसराई संपली की आणून द्यायचं. ही वाद्यपेढी मी सांभाळते. तारा बदलते, बटणांच्या स्प्रिंगा बसवते, ढोलक्यांना ऊन दाखवते. तुमची पाटी लागायची आहे ती याच खोलीच्या दारावर. म्हणजे जिथून वाद्य लोकांच्या हातात जातं त्या दारावर, ज्याने उभ्या जन्मात आपल्या वाद्याला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही त्याचं नाव.

वाजवायचात मात्र तुम्ही. ते मी नाकारणार नाही. शेलूच्या नव्या इमारतींतल्या माझ्या शेजारणींना बेंजो म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. लाकडी पेटी, वर तारा, टाइपरायटरसारखी बटणं. पण चौक गावापासून खालापूर-कर्जतपर्यंत ज्या घरांत हळदी लागल्या तिथल्या बायका अजून सांगतात की तुमचा बेंजो वाजत नव्हता, रडत होता. नवरीच्या आया मांडवाचा खांब धरून उभ्या राहायच्या. कुणालाच तो आवाज काढता येत नव्हता, कारण तारा तुम्ही घरी, एकट्याने लावायचात आणि कार्यक्रम आटोपला की शेवटचा माणूस मांडवातून उठायच्या आत सगळ्या उतरवून टाकायचात. सैल, लोंबत्या. कुणी विचारलंच, तर हसून म्हणायचात, "तारंला पन झोप लागते रं." लोक हसायचे. तुमच्या पार्टीतले हसायचे नाहीत.

तुमचा ढोलकीवाला, मी ज्याला काका म्हणते, तो एकदा सगळ्या पार्टीवाल्यांना घेऊन आपल्या अंगणात आला होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळ्यांनी मिळून एक मंडळ काढू, कमी पैशांत जाऊन एकमेकांच्या सुपाऱ्या तोडायच्या नाहीत, कुणी आजारी पडला तर बाकीच्यांनी त्याचं घर बघायचं. तुम्ही पेटीवरची धूळ पुसत होतात, मान वर केली नाही. म्हणालात, "ज्याच्या हातात सूर नाय ना, त्याला मंडल लागतं. मला नाय लागत." काका म्हणाला, "उद्या तुजा हात गेला तं रं?" तर तुम्ही म्हणालात, "माजा हात गेला तं तुज्या दारात नाय येनार मी. जा आता." चहासुद्धा विचारला नाहीत. आईने आत आधण ठेवलं होतं, ते तिने मोरीत ओतलं. मंडळ तिथेच मोडलं, कारण तुमच्याशिवाय त्याला कुणी विचारणार नव्हतं, आणि हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं.

आणि पकड. ती आठवते का? मी शाळेत होते. तुम्ही बाजाराला गेला होतात म्हणून मी पेटी उघडली आणि सैल ताराच हलकेच छेडत बसले. तुम्ही लवकर परतलात. माणूस रागावला की हाताला लागेल ते उचलतो, आणि तसं केलं असतंत तर मी कधीच विसरले असते. तुम्ही शांतपणे शेजारच्या गॅरेजात गेलात, तिथे दोन गोष्टी बोललात, पकड मागून आणलीत, माझ्या हातात पेटी धरायला दिलीत आणि एकेक तार कापलीत. एक तार उसळून माझ्या गालाला लागली तरी थांबला नाहीत. "भाकरीचा हात हाय तुजा," म्हणालात. "तारंवर पीठ नको." मग पकड परत देऊन आलात. आईने गालाला हळद लावली. दुसऱ्या दिवशी पेटीवर नव्या तारा होत्या.

पण मला तुमचं गुपित त्याच्या आधीपासून माहीत होतं. ते चुलीजवळ बसणाऱ्यालाच कळलं असतं. संध्याकाळी हळदीला निघायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पेटी घेऊन बसायचात. आत आई भाकऱ्या थापायची आणि थापता थापता गुणगुणायची. तिचा सूर जरासा खाली होता. चुकलेला नव्हे, थकलेला. तुम्ही सगळ्या तारा एकसारख्या लावायचात आणि तिसऱ्या तारेला थांबायचात. आईच्या गुणगुणण्याला कान लावून ती केसभर खाली उतरवायचात, तिच्या सुराला भिडेपर्यंत. ती एक तार बाकीच्यांशी भांडायची, त्यातून ते रडणं निघायचं. आणि तार लागली की आत ओरडायचात, "बास गं आता, काय ती कटकट!" आई गप्प व्हायची. तिला मरेपर्यंत कळलं नाही की सबंध तालुका जो आवाज ऐकून डोळे पुसतो तो तिचा आहे. मी तिला सांगू शकले असते, पण मला वाटायचं, तुम्ही सांगाल.

माझ्या स्वतःच्या हळदीला तुम्हीच वाजवलंत. अंगाला हळद लागली होती, बायका रडत होत्या, आणि मला पहिल्यांदाच धीर आला. मी म्हटलं, "बाबा, दुसरं काय नको. आजचा एवढा दिवस तारा तशाच ठेवा." सगळ्यांसमोर मागितलं, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही असं मला वाटलं. तुम्ही माझ्याकडे बघत बघत खुंट्या पिळल्यात आणि तारा उतरवल्यात. मग मला कुकर दिलात. चांगला होता, अजून चालतो.

आई गेली आणि तुमचा आवाज गेला. लोक म्हणाले, म्हातारा झाला. तुम्ही तारांच्या दुकानदाराला शिव्या दिल्यात, अँप्लिफायर बदललात, काकाला म्हणालात की तुझी ढोलकी बेसूर झाली. सुपाऱ्या डीजेवाल्यांकडे जायला लागल्या. मी शेलूला सासरी हे ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं. दाराबाहेर पेटी घेऊन बसत असाल आणि आतून काहीच ऐकू येत नसेल, हे चित्र मी पोळ्या लाटताना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणायची.

मग तुमची उजवी बाजू गेली. तुम्ही म्हणाला होतात तसे कुणाच्या दारात गेला नाहीत. काकाच तुमच्या दारात आला. रोज यायचा, तुम्हाला कुशीवर वळवायचा, अंग पुसायचा. मी आले त्या दिवशी तो तुम्हाला पेज भरवत होता. मी पेटी काढली. तुमच्या डोळ्यांदेखत तारा लावल्या, तिसऱ्या तारेला थांबले आणि आईसारखी गुणगुणले. तुम्ही मान वळवलीत. तार लागल्यावर मी हळदीची चाल वाजवली. सासरी एका जुन्या बेंजोवर गुपचूप शिकले होते, एकही बटण चुकलं नाही. काकाने पेजेची वाटी खाली ठेवली आणि टोपीने तोंड झाकलं. मी तुमच्याकडे बघत होते. मला शाबासकी नको होती बाबा, नुसतं "कवा शिकलीस गं?" म्हणाला असतात तरी पुरलं असतं. तुमची जीभ जड झाली होती, तरी तेवढं स्पष्ट बोललात. "झालं? आता तार उतरव."

मी उतरवली. तुम्ही माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

तुमच्यामागे पार्टी चार दिवस टिकली नाही. तो आवाज कुणाकडे नव्हता, मंडळ नव्हतं, हाक मारायला कुणी नव्हतं. काका हल्ली कळंबच्या एका रिसॉर्टच्या फाटकावर उभा राहून गाड्यांना सलाम करतो. ज्या हातांनी ढोलकी वाजवायचा त्यांनी दोरी ओढून आडवा बांबू वर करतो. मी वाद्यपेढीत लागले तेव्हा ताईंनी विचारलं, तुमच्या वडिलांचा तो आवाज आता कायमचा गेला का? मी म्हटलं, नाही, उद्या शिकवते. शिकायला आलेल्यांत एक शाळकरी मुलगी होती, एका हाताने वेफर्स खात होती. मी गुणगुणले, तिने तिसरी तार खाली घेतली, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत तिच्या बेंजोतून ते रडणं निघालं. ती म्हणाली, "एवढंच?" एवढंच होतं ते, बाबा. त्यासाठी तुम्ही एक मंडळ मोडलंत, माझा गाल फोडलात आणि बायकोला उभा जन्म गप्प केलंत. आता ते आमच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे, कुणीही वाचावं.

म्हणून पाटीला मी सरळ नकार देणार होते. माझ्या सहीशिवाय ताई ती लावणार नव्हत्या. हे कुठून तरी काकाच्या कानावर गेलं आणि तो फाटकावरचा गणवेश न उतरवताच धापा टाकत गिरणीवर आला.

"लाव गं नाव," म्हणाला.

"काका, तुम्ही सांगताय? तुम्हाला अंगणातून हाकललं त्यांनी."

"हाकललं ना. मला ठावं नाय व्हय?" तो खुर्चीवर न बसता उभाच राहिला. "पन मी त्याच्या पार्टीत व्हतो, एवडंच माज्याकडं हाय. नातवाला कुटं नेऊन दाकवू? त्या फाटकावर? लाव नाव. त्याच्यासाटी नको, माज्यासाटी लाव."

तुमच्यासाठी मी काही केलं नसतं. त्याच्यासाठी सही केली. फक्त पेंटरला पुन्हा बोलावलं आहे. उद्या तो 'आधारवड' खरवडून काढील आणि तिथे 'बेंजोवादक' लिहील. तुम्ही होतात तेवढंच. रविवारी काकाला पहिल्या रांगेत बसवणार आहे आणि पाटीवरचा पडदा त्याच्याच हाताने उघडणार आहे. आईचं नाव कुठेच नसेल. ते सुचवलं असतं तर ताईंनी विचारलं असतं, त्या काय वाजवायच्या? मी काय सांगणार होते, भाकऱ्या?

आता एक गोष्ट तुम्हाला सांगते, जी मी रविवारी बोलणार नाही. पेढीतली सगळी वाद्यं मी लावलेली ठेवते. कुणी कधीही येऊन उचलावं आणि वाजवावं. फक्त तुमचा बेंजो, जो मी कुणालाच नेऊ देत नाही, त्याच्या तारा रोज कुलूप लावायच्या आधी उतरवते. परवा त्या वेफर्सवाल्या मुलीने पाहिलं. "ताई, उतरवता कशाला?" मी म्हटलं, "तारांना झोप लागते." ती हसली आणि गेली. खरं हे आहे की उतरवल्या नाहीत तर सकाळी लावाव्या लागणार नाहीत. सकाळी खोलीत कुणी नसतं. मी तिसऱ्या तारेला थांबते आणि आईसारखी गुणगुणते. तार लागल्यावरही थोडा वेळ गुणगुणत राहते. आईचा तो आवाज काढायला मला दुसरं कुठलंच निमित्त नाही.

लिहिता लिहिता मनात आलं, तुम्हीही तिला पुन्हा ऐकता यावं यासाठीच तर तारा उतरवत नव्हतात? याचं उत्तर मला नको आहे. उत्तर 'हो' असलं तर इतक्या वर्षांचा माझा राग मी कुठे ठेवू? म्हणून हे पत्र तुमच्या फोटोपुढेही वाचणार नाही, आणि कुठे पाठवणारही नाही.