दिवेलागणीची झोप

रात्रपाळीच्या माणसाला दिवसा उठवू नये, हे तुम्ही मला कधी बजावलं नाहीत. एकदा तरी कानाखाली द्यायची होती. पण तुमचं आपलं, हाक मारली की डोळे चोळत उठायचं. शहाणपणा सगळा कारखान्यात मशीनपाशी ठेवून यायचात, अण्णा.

तुमची नातसून, म्हणजे माझी सून, इथं सिंगापुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत रात्रपाळी करते. सकाळी येते, जाड पडदे ओढून झोपते. इथं बारा महिने सातच्या सुमारास दिवेलागण. परवा मी देवापाशी दिवा लावला आणि तिला हलवलं. "ऊठ गं, घरात दिवा लागताना बाई लोळत नसते." नात आतून इथल्या इंग्रजीत ओरडली, "आजी, लेट हर स्लीप ला!" मी म्हटलं, "तू तुझा होमवर्क कर." सून उठली. "आई, आज वरच्या फ्लॅटात ड्रिल चालू होतं, दोनच तास झोप झाली हो," एवढंच म्हणाली. साखर न घालताच चहा ढवळत बसली. कामावर जाताना एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, जिन्यावर तिची पायरी चुकली. मनगट मोडलं, कपाळाला चार टाके. मुलगा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तुमची सायकल डोळ्यांपुढं येते. मी चौथीत. आई दळण आणायला निघालीय, जाताना सांगते, "आठपर्यंत उठवू नकोस त्यांना." तुम्ही डोळ्यांवर ओला पंचा टाकून झोपलाय. मी दिवा लावते, तुमचा खांदा हलवते. दुसऱ्या दिवशी पाळीवरून परतताना तुम्हाला सायकलवरच डुलकी लागली म्हणतात, आणि समोरून ट्रक. तेराव्याला आत्या सगळ्यांदेखत आईला म्हणाली, "हिनंच पुरतं झोपू दिलं नसेल." आईनं मान खाली घातली. मी गप्प. माझी शाळा तिथंच सुटली.

आज सुनेला भरवताना म्हटलं, चूक माझी. ती म्हणाली, "राहू द्या हो आई, दिव्याची वेळच होती ती." मी चमचा ताटलीत ठेवला. कारण अण्णा, तुमच्या वेळचा दिवा नुसतं निमित्त होता. फडताळात वर लाडवाचा डबा होता आणि माझा हात पुरत नव्हता.

हे पत्र कुठं जायचंय, उशीखालीच राहील. पण आईनं डब्यातला लाडू कमी झालेला पाहिला असणार. तो मला तुमच्याशिवाय कोण काढून देणार? मग आत्यापुढं ती का बोलली नाही? आता ती तुमच्यापाशीच आहे, पण तुम्ही मधे बोलायचं नाही. उत्तर तिनंच द्यायचं.