दावं ज्याचं त्याचं

मुंबई, दि. १२ एप्रिल १९९८

ती. कुशाबामामांस,
अमृतचा सा. न. वि. वि.

पत्रास उशीर झाला. आधी लिहिले होते, पण त्यात दोन ठिकाणी खाडाखोड झाली म्हणून फाडले आणि पुन्हा लिहायला घेतले. बेल्ह्याच्या बैलबाजारात तुमच्या शेजारी बसून दोन वर्षे पावत्या लिहिल्या, तेव्हापासून खोडलेला कागद दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव धजत नाही.

आपल्या महाळुंगे पडवळच्या सावळेरामदादांनी मला जिथे चिकटवले ती ही सिनेमाची कचेरी आता अंगवळणी पडली आहे. दादा इथे व्यवस्थापक आहेत. म्हणजे दिग्दर्शक साहेब जे बोलून जातात ते दादांनी निस्तरायचे, आणि दादांना जे निस्तरता येत नाही ते मी लिहून काढायचे.

आमचा सिनेमा जुन्नरच्या एका शेतकऱ्याच्या मुलीवर आहे. तिला स्वप्न पडते आणि स्वप्नात ती हिरव्या डोंगरावर गाणे म्हणते. त्या एका स्वप्नासाठी सतरा माणसे जूनमध्ये स्वित्झर्लंडला जाणार आहेत. मागच्या श्रावणात साहेबांना घाटघरला नेले होते. धुके, पाणी, गुडघाभर गवत, सगळे हजर होते. साहेबांनी गाडीची काच खाली न करताच सांगितले की हिरवे आहे खरे, पण हे हिरवे गावठी आहे. हिरव्यात गावठी आणि बिनगावठी असे प्रकार असतात हे मला माहीत नव्हते. तो धडा दहावीला असेल. मी नववीतच बाहेर पडलो.

माझे काम असे. कॅमेरा, भिंगे, दिवे हा सगळा माल भाड्याचा आहे. तो परदेशात नेऊन परत आणायचा तर कार्नेट नावाची एक वही करावी लागते. माणसाला पासपोर्ट तसे मालाला कार्नेट. त्यात प्रत्येक वस्तू, तिचा नंबर, वजन आणि किंमत लिहायची. गेले तेवढे तसेच्या तसे परत आले तर कुठल्याच देशाची जकात नाही. एक जरी कमी-जास्त झाले, की जकातवाले पेट्या अडवतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, बाजारात कोणी जनावर बदलू नये म्हणून तुम्ही पावतीत खुणा लिहिता, तसे इथे लिहू का? नुसत्या नंबरावर माझा विश्वास बसत नाही, काही नंबर झिजले आहेत. दुसरी, मला बरोबर नेण्याचे कबूल केले होते. पासपोर्टच्या चौकशीला मंचरहून पोलीस घरी येऊन आईच्या हातचा चहाही पिऊन गेला. आता साहेब म्हणतात की एक जागा कमी पडते, कारण त्यांच्या मेहुण्याला परदेश पाहायचा आहे. मामा, मला जायचे आहे. परदेश पाहायला नव्हे. मी लिहिलेली यादी दुसऱ्याने वाचून दाखवावी हे मला सोसणार नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राखावा, बाजारभावासारखा खाली जाऊ देऊ नये.

आपला,
अमृत

*

बेल्हे, ता. २१ एप्रिल १९९८

चि. अमृत यास,
कुशाबाचे अ. आ.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, अक्कल मुंबईला जाऊन कमी झालेली दिसते. घाटघरचं हिरवं ज्याला गावठी वाटतं त्याच्या हाताखाली तू काम करतोस, आणि वर मला विचारतोस की खुणा लिहू का. अरे, नंबर काय, कोणीही घासून दुसरा टाकील. मी तीस वर्षं पावत्या लिहितोय. डावं शिंग आत वळलेलं, मागच्या खुरावर भेग, शेपटीचा गोंडा अर्धा पांढरा, असं लिहिलं की बैल कसायाकडनं परत आणला तरी ओळखू येतो. तू पण लिही. कुठं ओरखडा, कुठं पोचा, कुठं रंग उडालाय, सगळं.

मात्र एक ध्यानात ठेव. दावं लिहू नको. बैल विकला तरी मालक गळ्यातलं दावं सोडून घरी नेतो, दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते. घेणारा आपलं दावं आणतो. दावं ज्याचं त्याचं, ते पावतीत येत नाही. नवशिके लिहिणारे दावं, घुंगरू, झूल सगळं भरत बसतात आणि कागदाचा उकिरडा करतात. जनावर लिहावं, दोरी लिहू नये.

दुसरं. बाजारात पावतीवर ज्याचं नाव तो जनावराजवळ उभा राहतो, मेहुणा नाही. त्या वहीत माल कोण दाखवणार असा रकाना असेलच. तिथं तुझं नाव टाक आणि साहेबाची सही घे. असली माणसं सही करताना वाचत नाहीत.

इकडं सगळं ठीक. तुझी मामी साळुबाई म्हणते, त्या मुलीला स्वप्नात एवढ्या लांब जायला सांगू नका, सकाळी धारा कोण काढणार.

पत्र टाकत जा, आठवण काढणाऱ्याला उपाशी ठेवू नये.

तुझा मामा,
कुशाबा

*

मुंबई, दि. २४ मे १९९८

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचे दोन्ही सल्ले अमलात आणले. वहीत रकाना होता. तिथे माझे नाव लिहिले आणि साहेबांनी चहा पिता पिता सही केली. चार दिवसांनी दादांनी त्यांना समजावले की आता या पोराशिवाय पेट्या विमानतळाबाहेर पडणार नाहीत. साहेब पुष्कळ बोलले. ते सगळे लिहिले तर टपालखाते पत्र घेणार नाही. मेहुणा राहिला, मी जातो आहे.

यादी पूर्ण झाली. एकशे अठ्ठ्याऐंशी वस्तू, तीनदा तपासल्या. कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूस बोटभर ओरखडा, तिसऱ्या भिंगाच्या कडेला तांदळाएवढा टवका, असे सर्व लिहिले. साहेबांनी वाचून विचारले की कॅमेऱ्याचे लग्न जमवायचे आहे काय. दावी लिहिली नाहीत. वायरी, पट्टे, जोडण्या हे सगळे एका पेटीत वेगळे ठेवले. मनात शंका आली म्हणून साहेबांना विचारलेही. ते म्हणाले, वायर ती वायर, डोके खाऊ नकोस. मग तुमचाच शब्द धरला.

परवानग्यांचे मात्र गमतीचे झाले. रस्त्यासाठी तिथल्या गावाची परवानगी लागते, ती आली. कुरणासाठी ज्याचे कुरण त्या शेतकऱ्याची लागते. त्याचे पत्र आले, दादांनी कोणाकडून तरी भाषांतर करून घेतले. त्याने विचारले आहे की माणसे किती, गाडी कुठे उभी करणार, गवतातून जायची वाट कोणती. शनिवार आणि रविवार दोन दिवस दिले आहेत, आणि खाली लिहिले आहे की सोमवारी सकाळी सात वाजता गवत कापणार. मी ते पत्र दोनदा वाचले. या सगळ्या खटाटोपात पहिल्यांदाच शहाण्या माणसाचा कागद हाती आला असे वाटले. साहेबांनी ते टेबलावर टाकले आणि म्हणाले, गवत तर आहे, त्याला एवढे काय.

गुरुवार ११ जूनला निघतो. यादी पाठ आहे.

मायेचा हात असाच डोक्यावर ठेवावा.

आपला,
अमृत

*

बेल्हे, ता. २ जून १९९८

चि. अमृत यास,
अ. आ.

गवताला एवढं काय म्हणणारा माणूस जनावर पाळू शकत नाही, माणसं काय पाळणार. त्या शेतकऱ्याला माझा रामराम सांग. गवत किती वाढलं की कापतो आणि वाळवतो किती दिवस, एवढं विचारून ये. तुझ्या साहेबाच्या गाण्यापेक्षा ते ऐकायला मला आवडेल.

तुझी यादी इथं बाजारात सांगितली. गेणू व्यापारी म्हणाला, राव, भाच्यानं कॅमेऱ्याचे दात मोजले का न्हाई. मी म्हणालो, मोजले असतील, माझा भाचा आहे. उगीच छाती फुगवू नको, जे खरं ते सांगितलं.

साळुबाईनं शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. ती यादीत लिही, नाहीतर साहेब खाईल.

जपून जा. लोभ कमी होईल अशी काळजी करू नको, आमच्याकडं तो विकायला काढत नाहीत.

तुझा मामा,
कुशाबा

*

मुंबई, दि. २९ जून १९९८

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

परत येऊन आठ दिवस झाले. काय लिहावे ते ठरत नव्हते.

शुक्रवारी उतरलो. जकातीच्या टेबलाशी एक चष्मेवाला अधिकारी होता, अतिशय सभ्य. त्याने माझी यादी समोर ठेवली आणि एकेक खूण बोटाने चाचपून पाहिली. ओरखडा सापडला, टवका सापडला. त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली. मामा, त्या क्षणी माझी उंची वीतभर वाढली असेल. मग त्याने सातवी पेटी उघडली. आत एकतीस वायरी आणि बाकीच्या जोडण्या. त्याने विचारले, या यादीत कुठे आहेत. जे वहीत नाही ते आत जाणार नाही, त्यासाठी निराळा कागद लागेल, आणि त्यावर सही करणारा आता सोमवारीच बसेल, असे त्याने सांगितले. आवाज जरासुद्धा न चढवता.

कॅमेरा सुटला, पण वायरीवाचून तो चालत नाही. दादा शनिवारी दुकाने फिरले. आमच्या जुन्या कॅमेऱ्याला बसेल अशी वायर तिथे मिळेना, आणि दुपारी दुकाने बंद झाली. शनिवार, रविवार आम्ही सतरा माणसे त्या कुरणाच्या कडेला बसून होतो. ऊन स्वच्छ, गवत कमरेएवढे, त्यात पिवळी, जांभळी फुले. नायिका रोज सकाळी नटून बसायची आणि संध्याकाळी चेहरा धुऊन टाकायची.

सोमवारी दुपारी वायरी मिळाल्या. शेतकऱ्याने सकाळी सातलाच यंत्र लावले होते. साहेब तेव्हाच त्याच्यापुढे जाऊन दोन दिवस थांब म्हणाले, हात जोडले, मग पैशाचे पाकीटही काढले. त्याने आधी आभाळाकडे बोट दाखवले, मग कागदावरच्या वेळेकडे, आणि यंत्र पुढे नेले. साहेब कापलेल्या कुरणात उभे राहून म्हणाले, की हे तर उन्हाळ्यातल्या घाटघरसारखे दिसते. शेवटी गाणे तळ्याकाठच्या गाड्यांच्या तळावर उरकले. शेतकऱ्याच्या मुलीच्या स्वप्नात आता मागे एक सहलीची बस उभी आहे. तिचा ड्रायव्हर दोन वेळा चित्रात आला आहे.

तुमचा रामराम त्याला पोचवला. हाताने विचारले, हातानेच उत्तर मिळाले. फुले आली की कापतो आणि ऊन धड असेल तर तीन दिवस वाळवतो.

साहेबांनी जकातीतच सर्वांसमोर विचारले की ही अक्कल कोणाची. मी म्हणालो, माझी. आपण वायर ती वायर म्हणालो होतो हे त्यांना आठवत नाही. पहिल्या तारखेपासून कचेरीत येऊ नको असे सांगितले आहे.

अजून एक. माल परत करताना भाड्याने देणाऱ्या गोदामाच्या मालकांनी भिंगाचा टवका आमच्यावर लावायचा प्रयत्न केला. मी यादी दाखवली, जाण्याआधीच्या तारखेची. त्यांनी ती हातात घेतली. मग बराच वेळ यादी वाचत बसले आणि म्हणाले, गोदामातल्या सगळ्या मालाची अशी यादी करशील का, कायमचे काम आहे. पण लगेच विचारले, तांदळाएवढा टवका लिहिणारा एकतीस वायरी विसरत नाही, कोणी वगळायला सांगितले ते सांग. चुकीचे शिकलेल्याला पुन्हा शिकवता येते, नुसत्या विसराळू माणसाला गोदाम कसे सोपवू. दहा तारखेपर्यंत वाट पाहतो म्हणाले. मी विसरलो असेच सांगितले आहे, आणि तेच सांगणार. तुम्ही मनास लावून घेऊ नये, यात तुमचा काही संबंध नाही. दहा तारखेनंतर गावी येतो.

मामींची चटणी यादीत होती, ती विनाजकात पोचली. लोभ आहे म्हणून एवढे लिहिले, तो उणा होऊ देऊ नये.

आपला,
अमृत

*

बेल्हे, ता. ४ जुलै १९९८

चि. अमृत यास,
कुशाबाचे अ. आ.

यात तुमचा काही संबंध नाही, असं खोटं लिहायला तुला कोणी शिकवलं? मी तर नाही. दोन वर्षं माझ्या शेजारी बसलास, त्यात एक तरी खोटी पावती लिहिली का आपण? मग आता आपल्याच मामाला खोटी पावती देतोस, आणि तीसुद्धा सुवाच्य अक्षरात.

तुझा साहेब नालायक आहे यात शंका नाही. ज्याच्या स्वप्नात बस उभी राहते त्याच्याबद्दल जास्त काय लिहायचं. पण तो नालायक आहे म्हणून मी शहाणा ठरत नाही. बैल आपल्या पायानं चालतो, दावं नसलं तरी घरी येतो. तुझा कॅमेरा दाव्याशिवाय पाऊलही टाकत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. न विचारता तीस वर्षांचा शहाणपणा तुझ्या गळ्यात बांधला. त्या चष्मेवाल्यानं बरोबर केलं. गवतवाल्यानंही. फुलांवर कापतो हे ऐकून बरं वाटलं, आपले लोक पार वाळून काडी होईपर्यंत थांबतात.

परवाच्या बाजारात गेणूनं एक खोंड विकला. मी पावतीत लिहिलं, गळ्यात सुती दावं, हिरवा गोंडा, दाव्यासह. गेणू अंगावर आला. म्हणाला, कुशाबा, म्हातारपणी चळ लागला का, दावं कधी पावतीत असतं व्हय, माझी बरकत घालवतो का. मी म्हणालो, लिहिलं म्हणजे विकलं न्हाई, पण जे बरोबर हाय ते कागदावर पायजे. त्यानं दावं सोडून घेतलं तेव्हा मी दाव्यासह हे खोडून लिहिलं, दावं मालकानं परत नेलं. चार माणसं हसली. हसू देत. माझ्या पावतीतली ती पहिली खाडाखोड, आणि ती मी लपवली नाही.

सोबत एक कागद जोडला आहे. तो गोदामाच्या मालकाला दे. दिला नाहीस तर दहा तारखेला मी स्वतः टेम्पोत बसून येईन, आणि मला मुंबईत बोलायला लावलंस तर तुझ्या साहेबाची आधी गाठ पडेल. त्यापेक्षा कागद दे.

साळुबाई चटणीचा डबा परत मागते. डबा यादीत होता का तेही कळव.

या घरचा लोभ खुणेसकट तुझ्या नावावर आहे, तो बदलून मिळणार नाही.

तुझा मामा,
कुशाबा

(सोबतचा कागद)

पावती. बेल्हे बाजार, ता. ४ जुलै १९९८.
दाखल चूक एक. मालक, कुशाबा, राहणार बेल्हे, तालुका जुन्नर, पावत्या लिहिणार.
वय एकसष्ट. रंग सावळा. दात पुढचे तीन शिल्लक. उजव्या भुवईवर म्हशीच्या शिंगाचा जुना वण. डाव्या पायानं किंचित लंगडतो. खोड, विचारल्याशिवाय सांगतो आणि सांगितल्यावर ऐकत नाही.
वायरी यादीत लिहू नको असं यानंच आपल्या भाच्यास, अमृत यास, लेखी कळवलं. भाचा विसराळू नाही, सांगितलं ते पाळणारा आहे.
वरील चूक मालकानं राजीखुशीनं आपल्या नावावर घेतली आहे, दाव्यासह.