हरळीखालची हुमणी

सातारा,
रविवार, ८ सप्टेंबर १९७४

ती. आप्पासाहेब भाऊजींना,

रॉकेलचा डबा निम्मा भरला म्हणून उठले. हात धुतले, तरी कागदाला माती लागलीच. नमस्कार. जाऊबाईंचा खोकला कसा आहे?

उद्या तुम्ही हरिबा गवंड्याला पाठवणार आहात. पाठवू नका, असं लिहायला बसले आहे. पत्र तोवर पोचणार नाही, हेही ठाऊक आहे.

गवत वाळलं, आता अंगणात दोन खोल्या काढा, असं तुमचं म्हणणं. "जन्मभर आपण शेतातली हरळी उपटली आन् ह्यो दारात लावतोय," म्हणून तुम्ही ह्यांना हसलात. ह्यांचा पाय लढाईत गेला. लाकडी पायावर चालायला शिकताना माणूस पडतो. फरशीवर पडलं की लागतं. हरळी त्यासाठी होती.

जुलैत ती पिवळी पडली. तहान असेल म्हणून मी पाणी वाढवलं. डाग पसरतच गेले. मग वाटलं, तुम्हीच कुणाकडून मीठ टाकवलंत. शेजारच्या रंगूबाईंना तसं बोललेही. माझी चूक. माफ करा.

आज कावळे एकाच जागी चोची मारत होते. गवताला हात घातला, तर घोंगडी उचलावी तसं सगळं वर आलं. मुळंच नव्हती. खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या. एक तळहातावर घेऊन आत गेले.

हरळी पिवळी पडली तेव्हापासून, दोन महिने, हे खाटेवर आहेत. लाकडी पाय खुंटीला. अळी बघून म्हणाले, "आगं, ही हुमणी. उसात असती. कच्चं शेण टाकलं हुतंस व्हय?"

"तुमच्या दादांनी गाडीभर धाडलेलं."

"दादा लय मायाळू!" आणि हसले. "मंजी गवत आपसूक मेलं न्हाई. ह्या अळ्यांनी मुळं खाल्ल्यात. चल, येचू."

बसल्या बसल्या सरकत अंगणात आले. दिवसभर आम्ही गवत उचललं, हुमणी वेचून रॉकेल-पाण्यात टाकली, माती दाबली, जिवंत हरळी परत अंथरली. एक कोपरा राहिला आहे. पुढच्या वेळी शेणखत कुजलेलं पाठवा.

आणखी एक. खोल्यांना ह्यांनीच होकार दिला. ह्यांच्या पत्राला आलेल्या तुमच्या उत्तरातून मला ते कळलं. ह्यांना मी बोललेले नाही, तुम्हीही बोलू नका. तो होकार खाटेवरचा होता. मी तो मानत नाही.

हरिबा आला तर चहा मिळेल. जागा मिळणार नाही.

तुमचा मान राखून, तुमचं न ऐकणारी,
लीला

ता. क. सोमवार. सकाळी हरिबा पाया आखायला दोरी आणि चुना घेऊन आला. ह्यांनी खुंटीवरचा पाय मागितला. मी दिला. हरिबा चहा पिऊन, दोरी न सोडता परत गेला. हे हरळीवर दोनदा पडले. लागलं नाही.