सावलीच्या बाजूने

४ मे, रविवार. शारजा.

बॅग भरणे चालू. श्री. स्वेटर घ्यायला तयार नाहीत. "मे महिना आहे." कुठला मे, ते कोपनहेगनला विचारायला हवं. इराने तिथून तीनदा कळवलंय की गार आहे. लेकीचं शिक्षण संपत आलं, निदान एकदा तिची खोली बघून यावं म्हणून निघालोय. पण शारजाच्या खिडकीत उभं राहून कुणालाच स्वेटर पटत नाही. मी दोन ठेवले. न सांगता.

डिसेंबरात श्री. ना साठ पूर्ण. कंपनीतली नोकरी संपणार, व्हिसा संपणार, त्यावर टांगलेला माझाही. मग सांगली, तिथला फ्लॅट. चोवीस वर्षांपूर्वी विमानातून उतरतानाच हे ठरलं होतं असं श्री. म्हणतात. "आपण इथे पाहुणे." या पाहुण्यांनी अल मजाजमध्ये तीन घरं बदलली, दोन फ्रिज मोडीत काढले आणि एक मुलगी वाढवली.

मला कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. चालायचंच.

७ मे, बुधवार.

चालायचंच, असं रविवारी लिहिलं होतं. आज ते बदललं.

हाजीसाहेबांची वेलची-मिरीची पेढी दुबईत, देऱ्यात. सहा वर्षं मी त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार बघते. संस्कृतातलं एम.ए. वाया जात नाही. 'तुमचा माल ओला निघाला' हे चार सभ्य प्रकारांनी लिहिता येतं. खिडकीतून खाडी आणि लाकडी गलबतं दिसतात. टेबल माझं स्वतःचं. घरात तसं टेबल मला कधी नव्हतं.

आज हाजीसा. नी सहज, गोणीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "मॅडम, आपका वीज़ा कंपनी पे ले लेते हैं. फिर साब का आप करा लो. खलास." मी म्हटलं, विचारून सांगते. "पूछो, पूछो. वापस आ के बताना."

म्हणजे डिसेंबरनंतर राहता येतं. श्री. माझ्यावर अवलंबून, कागदोपत्री. भर्ता म्हणजे पोसणारा, भार्या म्हणजे जिला पोसायचं. इमिग्रेशनवाल्यांनी नियम धातुपाठातूनच उचलले असावेत. मधल्या काळात कधीतरी सुधारून घेतले, आमच्या घरी कळवायचं राहिलं.

मला राहायचं आहे. हे इथे पहिल्यांदा लिहिलं. श्री. ना सांगायचं आहे. घरी टीव्ही मध्ये येतो, जेवताना आमटी.

११ मे, रविवार. कोपनहेगन.

पोचलो. विमानतळाबाहेर आल्यावर श्री. नी हात पुढे केला. मी बॅगेतून स्वेटर काढून दिला. संवाद नाही.

इराने तिची खोली आम्हाला दिली, ती मैत्रिणीकडे झोपणार. खोली आमच्या शारजाच्या बाल्कनीएवढी. मंगळवारी तिची परीक्षा. "यू गाइज आर ऑन युअर ओन." श्री. नी विचारलं, गाडी भाड्याने मिळेल का. लेक बापाकडे बघत राहिली. "बाबा. वॉक."

१३ मे, मंगळवार.

सगळा दिवस पायी. आधी कधी इतकं चाललो होतो ते दोघांनाही आठवेना. मॉलमधल्या सकाळच्या फेऱ्या मी धरत नाही, श्री. धरतात.

पहिला अर्धा तास सायकलवाल्यांच्या वाटेत उभं राहण्यात गेला. आम्हाला तो फुटपाथ वाटला. मागून घंटा. श्री. "सॉरी हबीबी" म्हणत बाजूला झाले. हबीबी सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. वळून हसल्या, खुशीत दिसल्या.

सिग्नल लाल, रस्ता रिकामा, तरी माणसं उभी. श्री. खूष. "बघ, शिस्त." मग गार वाऱ्यात तीनदा उभं राहावं लागल्यावर शिस्तीचं कौतुक थांबलं.

गोल मनोऱ्यावर गेलो. आत पायऱ्या नाहीत, विटांचा चढ, गोल गोल वर जाणारा. देव नसलेली प्रदक्षिणा. श्री. सिव्हिलवाले, त्यामुळे भिंतीला हात लावून प्रवचन सुरू. उतार किती, पाणी कुठून जात असेल, आमच्या साइटवर असं दिलं असतं तर कन्सल्टंटने काय केलं असतं. माणूस सुखात होता. आणि इथून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही हेही माझ्या लक्षात आलं होतं.

सांगून टाकलं. हाजीसाहेब असं म्हणतायत, माझा व्हिसा कंपनीवर, मग तुमचा मी करायचा, डिसेंबरनंतर राहता येईल. एका दमात. चढावर दम लागलेला, त्यामुळे दीड दमात.

श्री. चा हात भिंतीवरच.

"म्हणजे मी तुझ्या व्हिसावर?"

मनोरा पोकळ. ते वाक्य वरपर्यंत गेलं. उतरणाऱ्या एक बाई आमच्याकडे बघून पुढे गेल्या.

"हो. मी नाही का तुमच्या."

"ते वेगळं."

कसं वेगळं, ते मनोरा संपेपर्यंत कळलं नाही. वर लाल कौलं, हिरवे कळस, लांब समुद्र. श्री. नी कौलं फारच बारकाईने बघितली.

खाली आल्यावर श्री. पुढे, मी मागे. बाजाराचा लांब रस्ता, एक शब्द नाही. तरी कोपरा आला की थांबायचे, मला येऊ द्यायचे, कोपराला धरून रस्ता ओलांडायचे, सोडायचे, पुन्हा पुढे. दर वळणावर फोटोही काढले, कारण इराला पाठवायचे कबूल केले होते. अबोल्यातही कामात खंड नाही. कॉफी घ्यायला गेले, क्रोनचे दिरहॅम केले, दिरहॅमचे रुपये केले, आणि रिकाम्या हाताने परत आले.

मग तो रंगीत घरांचा कालवा, न्यूहाउन. (इरा म्हणते उच्चार चुकतो. चुकू दे.) पाण्याच्या दोन्ही बाजूंनी रस्ता. पलीकडे माणसांचा नुसता खच; काठावर पाय सोडून बसलेली, तोंडं वर करून, डोळे मिटून. अलीकडे एक अख्खा बाक रिकामा. केवढं नशीब. बसलो. डबा काढला, तिखटमिठाच्या पुऱ्या. बोटं इतकी गार की पुरी मोडेना.

श्री. मनोऱ्यानंतरचं पहिलं वाक्य बोलले. "हे लोक तिकडे का घुसलेत सगळे?"

"ऊन खातायत."

"इकडे एवढी जागा असून?"

"इकडे ऊन नाही."

"म्हणून तर बरंय." आणि मग शहारले. मी शाल दिली. तेवढ्यात इराचा मेसेज, परीक्षा संपली होती. फोटो बघितले होते. 'व्हाय आर यू गाइज इन द शेड इन एव्हरी सिंगल फोटो? यू लुक फ्रोझन. क्रॉस द रोड!'

श्री. नी फोन घेतला, एकेक फोटो मोठा करून बघितला. बाजार, सावली. चर्च, सावली. कारंजं, मागे उन्हात शंभर माणसं आणि पुढे आम्ही दोघं, काळवंडलेले, भिंतीला चिकटून. मग रस्ता आठवू लागले. "त्या कोपऱ्यावर आपण ओलांडला... मग पुन्हा इकडे..." दर वळणावर त्यांनी मला धरून सावलीत आणलं होतं. आणि मी काही न विचारता आले होते. मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. शारजात ऊन पडलंय म्हणून रस्ता ओलांडणं हे श्वास घेण्यासारखं, त्याचा कुणी विचार करत नाही.

"पाहुणे असे रस्ता ओलांडत नाहीत," मी म्हटलं.

श्री. नी शाल सारखी केली. मग स्वतःच्या बाजूने एक मुद्दा काढला. "इथून समोरची रंगीत घरं दिसतात. तिकडे बसलेल्यांना काय दिसतं? आपण."

पण उठले. डबा उचलला. पूल ओलांडून पलीकडे गेलो, दोन मुलींच्या शेजारी काठावर बसलो, पाय पाण्यावर सोडून. पाच मिनिटांत श्री. चे डोळे मिटले. स्वेटरची बाही वर केली. मग डोळे मिटलेलेच ठेवून:

"तू हो म्हणालीस?"

"नाही."

"का नाही?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय कसं म्हणणार?"

एक बोट गेली, त्यातल्या लोकांनी सगळ्यांना हात केले, आम्हीही केले.

"सांगलीचं मी तुला विचारलं होतं का?"

"नाही."

"हं."

पुरी मागितली. दिली.

नंतर जलपरीच्या पुतळ्यापर्यंत चाललो. इराने नको म्हणून सांगितलं होतं; श्री. म्हणाले, इथवर येऊन ती न बघता गेलो तर लोक काय म्हणतील. कुठले लोक, विचारलं नाही. पोचलो. एवढीशी, दगडावर, पाठ अर्धी वळवून. श्री. नी तिच्याकडे पाहिलं, आलो त्या रस्त्याकडे पाहिलं. "हिच्यासाठी?" परत येताना मात्र बाजूने चालले. पुढे नाही. उन्हातून.

वेगळं कसं, ते अजून सांगितलेलं नाही. ना हो, ना नाही. रात्री साडेनऊलाही उजेड आहे आणि श्री. कडेला घोरतायत.

१४ मे, बुधवार.

पाय. दोघांचे. इराच्या खोलीत एकच बादली, त्यात आळीपाळीने. इरा दारात उभी राहून म्हणाली, "यू टू आर सो क्यूट." मग बाबांना, "व्हॉट हॅपन्ड? यू आर व्हेरी क्वायट."

"विचार करतोय," श्री. म्हणाले.

"अबाउट व्हॉट?"

"तुझ्या आईला विचार." तिने विचारलं नाही, बसची वेळ झाली होती.

२६ मे, सोमवार. शारजा.

काल भावजींचा सांगलीहून फोन. फ्लॅटच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट की हिरवा, कारागीर थांबलाय. श्री. आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. पण सांगलीशी बोलताना आवाज सांगलीला पोचेल इतका लावायची सवय. "थांबव जरा. अरे, तब्येतीचं काही नाही... हिला इथे काम आहे." मग बराच वेळ भावजी बोलत असणार. मग, "हो, काय ठरलं होतं ते माहीत आहे मला. मीच ठरवलं होतं."

बाहेर आले. "ओट्याचं विचारत होता."

"काय सांगितलंत?"

"रंग ठरत नाहीये म्हटलं."

मी वरणाला फोडणी दिली. कुणीतरी काहीतरी पुरं करायला हवंच.

आज सकाळी मला देऱ्याला सोडताना, गाडीत. आज हाजीसा. विचारणार हे श्री. ना माहीत आहे. अल नाहदाला नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. श्री. नी एसीचा झोत स्वतःकडून माझ्याकडे वळवला, परत स्वतःकडे घेतला.

"समजा. नुसतं समजा हं. व्हिसावर माझ्या नावाखाली व्यवसाय काय लिहितील?"

माझ्या नावाखाली चोवीस वर्षं 'हाउसवाइफ' छापलेलं आहे. तो विषय मी काढला नाही. दर वेळी पासपोर्ट नेऊन आणणारे तेच होते.

"विचारून सांगते."

"विचार. पण हो म्हणू नकोस अजून."

गाड्या हलल्या. देऱ्यात शिरलो. पेढीच्या दारात मी उतरले, गाडीचं दार लावणार तेवढ्यात आतून:

"नाहीही म्हणू नकोस."