दादाची उजवी बाजू

दादा,

लायसनच्या तोंडी परीक्षेत मी नापास झालो. काल सांगायचा धीर झाला न्हाई. साहेबानं इचारलं, "गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवायची?" तू लढाईत इटलीला मोटार शिकलास आणि मला तसंच शिकवलंस, म्हणून मी "उजव्या" म्हणालो. साहेब हसला, "अरे, इथं डावी!" आता माझं डावं-उजवंच हरवलंय. पुन्हा परीक्षा द्यायचीय, म्हणून गनीभाई डायवरकडं शिकाया पारनेरला चाललोय.

आज तू शेटची मालमोटार पहिल्यांदाच हातात घेणार हायेस, ती बी घाटात. ती चालू करायचं हँडल मी संगं नेतोय. रागावू नकोस. कोण चुकलं ते मला अजून कळंना. पण तू लढाईतून जित्ता घरी आलायस, एवढं कळतंय.

भागुजी