सर्वाधिक गुण : आकाराम मगदूम

२ डिसेंबर २००२
आजपासून रोजनिशी. मोठ्या खेळाडूनं स्वतःच लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर नंतर लोक काहीही सांगत सुटतात.

आज आमच्या कारखान्याचे चेअरमनसाहेब गळीत हंगामाच्या गडबडीतून वेळ काढून ग्राउंडवर आले. जानेवारीत कोल्हापुरात साखर कारखान्यांची बास्केटबॉल स्पर्धा आहे. म्हणाले, कप आणा, टीममधली सगळी हंगामी पोरं कायम करतो. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शांत उभा राहिलो. सहा फूट तीन इंच माणसाला ते शोभतं. सगळ्यांच्या नोकऱ्या आता माझ्या खांद्यावर आहेत.

मी स्वतः पण हंगामीच. यार्डात उसाच्या स्लिपा लिहितो. हंगाम संपला की घरी. ललिताला सांगितलं, यंदापासून ती कटकट संपली. म्हणाली, आधी कप तर येऊ दे की. बायकोला स्पोर्ट्समधलं कळत नाही.

७ डिसेंबर
कॉलेजच्या पोरांशी प्रॅक्टिस मॅच. माझे चौतीस पॉइंट. बाकी सगळ्यांचे मिळून अकरा. हरलो. आता चूक कोणाची, हे बालवाडीतलं पोरगंही सांगेल.

आणखी एक. माझ्यावर त्यांचे तिघे लागले होते. म्हणजे आमच्या उरलेल्या चौघांना दोघेच पुरतात, हे त्या पोरांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं. आमच्या कोचला तीन वर्षांत कळलेलं नाही.

११ डिसेंबर
कोचनी मीटिंग घेतली. कोच म्हणजे बाळासो सर, हायस्कूलमधून रिटायर झालेले पी.टी.चे मास्तर. खडूनं जमिनीवर बाण काढले. बॉल संघर्षकडून माझ्याकडे, एक बाण. मग माझ्याकडून बाहेर कृष्णातकडे, दुसरा बाण. तो काढताना खडू मोडला.

संघर्ष कांबळे बॉल पुढे आणतो. उंची साडेपाच फूट, त्यातही बूट धरून. कृष्णात कोपऱ्यातून लांबचे शॉट चांगले मारतो म्हणे. मी कधी पाहिलेले नाहीत. हाच कृष्णात सगळ्यांदेखत म्हणाला, आकारामदाकडं बॉल दिला की पतसंस्थेत ठेव ठेवल्यागत हुतंय, परत म्हणून मिळत न्हाय. सगळे हसले. सरांनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते.

ठराव: उद्यापासून दर क्वार्टरला एक पास. म्हणजे टीकाकारांची तोंडं बंद.

१२ डिसेंबर
दिला. कृष्णातच्या नाकावर बसला. रक्त आलं. तो माझ्याकडेच बघत होता, तरी बॉल येईल असं वाटलंच नव्हतं म्हणे. याला बेसावधपणा म्हणतात. ठराव रद्द. सहकाऱ्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

१९ डिसेंबर
ललिता पहिल्यांदाच मॅच बघायला आली. मी एकतीस केले. (हरलो.) घरी येऊन चूल पेटवली. भाकरी थापताना म्हणाली, बाकीची पोरं पंगतीत बसलेल्या पावण्यांगत ताट पुढं करून बसलीती, आणि वाढपीच एकटा जेवत हुता.

मी तिला समजावून सांगितलं की स्कोअरबुकात पॉइंट लिहितात, पास कोणी लिहीत नाही. व्हय, म्हणाली. तिच्या त्या व्हयचा मला फार राग येतो.

२४ डिसेंबर
ड्युटी सुटल्यावर संघर्ष त्याच्या कसबा बावड्यातल्या खोलीवर चहाला घेऊन गेला. त्याची बायको संघप्रिया, सातवा महिना. खोली एवढीशी. मला वाकून आत जावं लागलं आणि वाकूनच बसावं लागलं. चहात साखर कमी. कारखान्यातल्या माणसाकडे ही अवस्था!

म्हणाला, आकारामदा, गेल्या हंगामानंतर मी शिरोळला ट्रॅक्टरवर गेलतो, पूर आला, तेबी काम गेलं. औंदा कायम झालो तर हिला आणि पोराला बघता येईल. तुमच्यावर दोघं-तिघं आली की बॉल तेवढा बाहेर द्या, मी हाय की मोकळा. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आणलं.

रडके प्लेअर मला आवडत नाहीत. तरी मन मोठं करून सांगितलं, तुझ्या पोरासाठी मी फायनलला चाळीस मारतो. तो एकदम गप्प झाला. भारावला असावा.

९ जानेवारी २००३
स्पर्धेची पहिली मॅच. जिंकलो! एका बास्केटनं. माझे तेहतीस. शेवटचा शॉटसुद्धा माझाच. रिंगला लागून उडाला तो कृष्णातच्या हातात पडला, त्यानं फक्त आत टाकला. पोरांनी कृष्णातला उचललं. कृतघ्नपणा किती असावा!

१० जानेवारी
स्टँडवर चहा पिताना मागच्या बाकावर आमचीच पोरं. मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. (हे कसं शक्य आहे, कळत नाही.) चर्चा एकच, आकारामदामुळं टीम चालती का आकारामदा असून चालती. कृष्णात म्हणाला, एक डाव त्यो नसताना खेळून बघाय पायजे.

ठीक आहे. बघाच.

प्लॅन: उद्या सेमीफायनलला पाय मुरगळलेला असेल. उजवा. पोरं वीस-पंचवीसनं मागे पडतील, हातापाया पडतील, मग मी लंगडत उठेन. तोपर्यंत नाही. ललिताला हळदीचा लेप गरम करायला सांगितला. कुठं लागलंय, तिनं विचारलं. मी म्हटलं, उद्या लागेल.

११ जानेवारी
सेमीफायनल. खुर्चीवर बसलो, क्रेप बँडेज बांधून, पाय दुसऱ्या खुर्चीवर. कोणी हातापाया पडायला आलं नाही. कोणाला वेळच नव्हता. बॉल नुसता इकडून तिकडे पळत होता. संघर्ष धावत होता, कृष्णात कोपऱ्यातून मारत होता. हाफटाइमला वीसनं पुढे. शेवटी तीसच्या वर फरक. पाचही जणांनी पॉइंट केले. एकानंही धड वीस केले नाहीत. असल्या स्कोअरला काय अर्थ आहे?

नंतर विचार करता उलगडा झाला. समोरची टीम माझ्यासाठी तयारी करून आली होती. मीच नाही म्हटल्यावर त्यांचं सगळं गणित चुकलं. म्हणजे हा विजय माझाच.

संध्याकाळी सगळी टीम घरी आली. सफरचंदं आणली. तीन वर्षांत पहिल्यांदाच. बाळासो सर म्हणाले, अजिबात घाई करू नकोस. संघर्षनं आयुर्वेदिक तेलाची बाटली आणली, म्हणाला, महिनाभर तरी पाय टेकू नगा. इतकं प्रेम बघून मला भरून आलं. पोरं गेल्यावर ललितानं बँडेज काढून पुन्हा बांधलं. फार घट्ट बांधलं.

१२ जानेवारी, सकाळ
फायनल शिरोळकरांशी. ठराव: बसून राहायचं. जिंकले तरी माझ्या मार्गदर्शनाखाली. वर नोकरीही कायम.

१२ जानेवारी, संध्याकाळ
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आपण चौदानं पुढे. पब्लिक नाचत होतं. संघर्षच्या नावानं ओरडत होतं. साडेपाच फूट माणसाच्या नावानं! तेवढ्यात मांडवातून चेअरमनसाहेबांनी विचारलं, आपला तो उंच गडी का बसलाय? एवढं ऐकलं आणि पाय बरा झाला. बँडेज सोडलं. बाळासो सरांनी माझा बनियन मागून धरला. म्हणाले, आकाराम, तुझ्या आईची शपथ, बस. पण चेअरमनसाहेबांनी हात केला, गेलोच.

शेवटच्या क्वार्टरमध्ये आमच्या टीमचे सगळे पॉइंट माझे. सगळे! तेरा! शिरोळकरांचे अठ्ठावीस झाले, पण तो डिफेन्सचा विषय आहे.

शेवटचा बॉल. एका पॉइंटनं मागे. माझ्या अंगावर तिघे. संघर्ष बास्केटखाली एकटा, दोन्ही हात वर करून उभा. दादा, दादा म्हणून ओरडत होता. पण ऐन वेळी लहान माणसावर जबाबदारी टाकणं मला बरं वाटलं नाही. मी मारला. रिंगला लागला नाही. वारा होता.

संघर्ष तिथेच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खिलाडूवृत्ती कमी पडते, ती अशी. खिलाडूवृत्ती शिकावी तर शिरोळकरांकडून. त्यांनी मला खांद्यावर घेतलं! गुलाल टाकला! आकाराम मगदूमचा विजय असो म्हणत मैदानाला फेरी मारली. पेपरवाल्यानं फोटो काढला. हरूनही असा मान कोल्हापुरात कोणाला मिळाला असेल, मला आठवत नाही.

स्पर्धेतले सर्वाधिक गुण: मी. बक्षीस थर्मास.

१४ जानेवारी
पेपरात फोटो आला. मी गुलालात, शिरोळकरांच्या खांद्यावर. ललितानं बघितला आणि पालथा घालून ठेवला. संक्रांत असून कोणी तिळगूळ द्यायला फिरकलं नाही. यार्डात सगळे पाठ करून उभे. जळतात.

१६ जानेवारी
चेअरमनसाहेबांच्या केबिनचं बोलावणं! उद्या अकराला. टीममधून फक्त मला! म्हणजे साहेबांना खेळ कळतो. हरलो तरी ज्यानं केलं त्याला मिळणार. शर्ट इस्त्रीला दिला. ललिताला म्हटलं, शिरा कर. म्हणाली, आल्यावर बघू.

कायमची ऑर्डर मिळाल्यावर संघर्षसाठी पण शब्द टाकावा का? बघू. लगेच नको.

१७ जानेवारी
केबिनमध्ये साहेब, दोन संचालक, एक क्लार्क. टेबलावर तो फोटो. बसायला सांगितलं नाही. साहेबांनी विचारलं, शिरोळकरांकडनं किती घेतलंस?

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग साहेबांनी एकेक सांगितलं. पाय बरा असताना बँडेज बांधून बसलास. टीम चौदानं पुढं गेल्यावर उठलास. मॅच घालवलीस. आणि त्यांनी तुला खांद्यावर घेऊन गुलाल लावला. शेंबडं पोरगंबी सांगंल की हे ठरवून केलेलं हाय. सिद्ध झालं तर हंगामी कामबी बंद, वर पोलीस केस.

शपथ घेतली, देवाची, आईची. उपयोग नाही. शेवटी साहेब म्हणाले, टीमला बोलावून घ्या, मास्तरांनाबी.

आले. मला वाटलं, संपलं. यांच्या नोकऱ्या घालवल्यात मी. (घालवल्यात. लिहिलं ते लिहिलं.) यांनी नुसती मान डोलावली असती तरी मी तुरुंगात गेलो असतो.

पहिला संघर्ष बोलला. म्हणाला, साहेब, खोटं कशाला बोलू, त्यांनी पैसं घेतल्यालं न्हाईत. आकारामदा कायमच असं खेळत्यात. साहेब म्हणाले, असं म्हणजे? संघर्ष म्हणाला, असंच की. कुणालाबी बॉल देत न्हाईत. कृष्णातनं नाक दाखवलं. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. बाळासो सर म्हणाले, साहेब, तीन वर्षं मी याला शिकवतोय, याला पैसे देऊन हरवायची कोणाला गरजच पडलेली नाही. मी कोणाकडे बघितलं नाही.

साहेबांनी मला विचारलं, खरं हाय का हे?

एक क्षण वाटलं, घेतले म्हणून सांगावं. पैसे घेतले म्हटलं की निदान खेळता येत होतं, असा अर्थ निघतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण बाहेर पोलिसाची जीप उभी होती.

व्हय, म्हटलं.

क्लार्कनं लिहिलं, सदर कामगार नेहमीच असा खेळतो, सबब दोषी नाही. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटी माझी सही घेतली. मग साहेबांनी टीम बंद केल्याचं सांगितलं. कायमचा विषय संपला. पोरं बाहेर पडली.

संघर्षला गेटवर गाठलं. काहीतरी बोलायचं होतं. तो म्हणाला, दादा, माझी ड्युटी हाय, आणि सायकलवर टांग टाकून गेला.

घरी ललिता दारातच उभी होती. काय झालं म्हणाली. मी सांगितलं, सुटलो, सगळी टीम माझ्या बाजूनं उभी राहिली, एकानंही विरोधात साक्ष दिली नाही. तिला खरंच बरं वाटलं. डोळे पुसले. मग शिऱ्याला रवा भाजायला घेताना तिनं विचारलं, काय म्हणाली वो पोरं?

मी शर्ट काढून खुंटीला अडकवला, आणि भूक नाही म्हणून सांगितलं.